मॉडेलपेक्षा नग बघा: रस्त्यावरच्या फोटोंसाठी जुना फिल्म एसएलआर घेताना

दिवाळीच्या आदल्या आठवड्यातली बेळगावची गणपत गल्ली. आकाशकंदिलांच्या माळा, पणत्यांचे ढीग, पोरांच्या किल्ल्यांवर मांडायचे मातीचे मावळे, आणि वरून ऑक्टोबरचं चटका देणारं ऊन. माझ्या हातात नुकताच ऑनलाइन मागवलेला फिल्म कॅमेरा होता, आत चारशे आयएसओचा, म्हणजे बेताच्या उजेडातही चालणारा ब्लॅक अँड व्हाइट रोल. ऊन भरपूर म्हणून शटर १/१००० सेकंदावर ठेवलं आणि नरगुंदकर भावे चौकापर्यंत चालत चालत रोल संपवला. धुऊन आला तेव्हा उन्हातल्या तीसही फ्रेमची एक कड कोरी. निगेटिव्हवर काचेसारखी पारदर्शक पट्टी, म्हणजे फोटोत ती काळी. मावळे विकणाऱ्या आजीबाईंचा अर्धा चेहरा त्या काळ्यात गेला. ताडपत्रीच्या सावलीत १/६० वर मारलेल्या सहा फ्रेम तेवढ्या नीट आल्या.

विकणाऱ्यानं 'मिंट कंडिशन' असं लिहिलं होतं. बाहेरून कॅमेरा खरोखरच चकचकीत होता. पण शटरचे दोन पडदे वेगात धावताना मागचा पडदा पुढच्याला गाठत होता, आणि फ्रेमच्या एका बाजूला उजेड पोचतच नव्हता. कॅमेरा हातात घेऊन दोन मिनिटं तपासला असता तर हे तिथल्या तिथे कळलं असतं. म्हणून या लेखात मॉडेलांची चर्चा थोडी आणि तपासणीची जास्त आहे. चाळीस-पन्नास वर्षांच्या वस्तूत 'कुठला कॅमेरा चांगला' या प्रश्नाला अर्धंच उत्तर असतं. एकाच मॉडेलचे दोन नग शेजारी ठेवले तर एक सोनं निघतो, दुसरा पेपरवेट.

आधी पैशाचा हिशेब

जेवढं बजेट असेल त्यातले अर्ध्याहून जास्त पैसे कॅमेरा आणि लेन्सवर घालवू नका. उरलेले रोल, धुणं, स्कॅनिंग आणि एका सर्व्हिसिंगसाठी बाजूला ठेवा. मी शेवटचा हिशेब मांडला तेव्हा रोल, धुणं, स्कॅन आणि कुरिअर धरून एक फ्रेम चाळीस रुपयांच्या आसपास पडली. म्हणजे प्रत्येक क्लिकला गल्लीतले तीन चहा. सगळे पैसे बॉडीत ओतून मग महिन्याला एकच रोल परवडतो, अशी माणसं मी पाहिली आहेत. त्यांचे कॅमेरे सुंदर आहेत, फोटो नाहीत.

रोल साधा घ्या. रस्त्यासाठी चारशे आयएसओ सोयीचा, कारण आपल्या गल्ल्यांत भर दुपारीही एक बाजू उन्हात आणि एक गडद सावलीत असते. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये इल्फर्डचा एचपी५ प्लस आणि कोडॅकचा ट्राय-एक्स ही जुनी भरवशाची नावं. केंटमियर ४०० त्याहून स्वस्त पडतो, आणि तो इल्फर्डचे रोल बनवणारी हारमन हीच कंपनी बनवते. शिकताना तोच बरा. जुन्या स्टुडिओत कधीकधी ऊटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा 'इंदू' रोल सापडतो. आठवण म्हणून ठेवा, किंवा तपासणीत रोल नीट सरकतो का हे बघायला वापरा. त्यावर फोटो काढायच्या भरीला पडू नका.

रस्त्यासाठी कॅमेऱ्यात काय हवं

एसएलआरमध्ये आरसा उचलला जातो, त्यामुळे 'खटॅक्' असा आवाज होतो आणि क्लिकच्या क्षणी डोळ्यापुढे अंधार येतो. रस्त्यावरच्या फोटोंसाठी रेंजफाइंडर, म्हणजे आरसा नसलेला कॅमेरा, बरा म्हणणारे याच कारणासाठी तसं म्हणतात. पण चांगला रेंजफाइंडर महाग, आणि खडेबाजारातल्या गोंगाटात त्या 'खटॅक्'कडे वळून बघायला कुणाला वेळ नसतो. एसएलआर स्वस्त मिळतो, लेन्सा भरपूर मिळतात, आणि लेन्समधून जे दिसतं तेच फिल्मवर येतं.

माझ्या दृष्टीनं तीनच गोष्टी महत्त्वाच्या. दिवसभर गळ्यात अडकवता येईल इतकं बेताचं वजन. उजळ व्ह्यूफाइंडर. आणि ज्याच्या लेन्सा कोल्हापूर, हुबळी, पुणे अशा टप्प्यात सहज मिळतील असा माउंट, म्हणजे लेन्स बसवायची जागा. शटर १/४००० पर्यंत जातं का, सेल्फ टायमर आहे का, असल्या गोष्टींना या कामात फार किंमत नाही.

बॅटरीशिवाय चालणारा मेकॅनिकल कॅमेरा घ्यायचा की इलेक्ट्रॉनिक, यावर तासन्‌तास वाद घालता येतो. माझं मत मेकॅनिकलच्या बाजूनं, आणि कारण आपल्या गावाचं आहे. दांड्याचे, चाकांचे, स्प्रिंगचे कॅमेरे उघडणारा जुना मेकॅनिक अजून शोधून सापडतो. सर्किट गेलेल्या कॅमेऱ्याला मात्र तोही हात जोडतो.

नावं घ्यायचीच तर

पेंटॅक्स के१००० पासून सुरुवात करतो. १९७६ ते १९९७ अशी एकवीस वर्षं तो बनत राहिला, आधी जपानमध्ये, मग हाँगकाँगला, शेवटी चीनमध्ये. पूर्ण मेकॅनिकल, १ सेकंद ते १/१०००, उजेड मोजणाऱ्या मीटरसाठी एक एलआर४४ सेल, व्ह्यूफाइंडरात उजवीकडे वर-खाली हलणारी सुई. सुई मध्यावर आली की एक्स्पोजर बरोबर. मीटरला बंद-चालू बटणच नाही. लेन्सला झाकण लावलं की अंधारात मीटर गप्प बसतो, न लावता कपाटात ठेवलात की सेल संपतो. नाव फार झाल्यामुळे हल्ली लोक त्याची किंमत जास्त सांगतात, तेवढी सावधगिरी बाळगा. त्याच घराण्यातला एमएक्स लहान आणि सुबक आहे. मिळाला तर मी तो आधी उचलेन.

निकॉन एफएम१० निकॉनच्या नावाचा असला तरी बनवलेला कोसिना कंपनीनं. प्लॅस्टिकचा आहे म्हणून नाकं मुरडतात, पण हलका आहे, पूर्ण मेकॅनिकल आहे, १/२००० पर्यंत जातो, आणि त्याच्यावर निकॉनच्या मॅन्युअल लेन्सांचा खजिना चढतो. दोन पथ्यं पाळा. १९७७ च्या आधीच्या, बदल न केलेल्या नॉन-एआय लेन्सा त्याच्यावर जबरदस्तीनं बसवू नका, माउंटवरची कडी मोडते. आणि ज्या नव्या लेन्सांना अ‍ॅपर्चरची (उजेड आत सोडणाऱ्या भोकाची) रिंगच नाही, त्या 'जी' लेन्सा याच्यावर कायम सगळ्यांत बारीक अ‍ॅपर्चरला अडकून राहतात. एफएम, एफएम२ हे दणकट थोरले भाऊ, पण त्यांच्या किमतीत आपलं 'परवडणारं' बसत नाही.

याशिका एफएक्स-३ सुपर २००० कडे लोकांचं लक्ष कमी जातं, म्हणून मला तो आवडतो. वरचं कातडं बिस्किटासारखं भुगा होऊन पडलेलं असतं आणि बघणाऱ्याला वाटतं कॅमेरा गेला. कातडं शंभर-दोनशे रुपयांच्या रेक्झिननं नवं होतं. आतलं यंत्र बहुतेक वेळा ठणठणीत असतं.

सोव्हिएत झेनिट आपल्याकडे पुष्कळ घरांत होता, अजून निघतो. त्याच्या हेलिओस ५८ मिमी एफ २ लेन्सवर लोक जीव टाकतात. पण झेनिट-ई मध्ये शटर १/३० ते १/५०० एवढंच, व्ह्यूफाइंडर अंधारा आणि तोही फ्रेमचा जेमतेम दोन तृतीयांश भाग दाखवणारा, वजन वरवंट्याएवढं. दिवसभर पायी हिंडायला मी सांगणार नाही. फुकट मिळाला तर लेन्स ठेवा.

कॅनन एई-१, हाही १९७६ चा, दिसायला देखणा आणि वापरायला सोपा. बॅटरी संपली की मात्र दगड. ६ व्होल्टचा ४एलआर४४ सेल मोठ्या दुकानातच मिळतो, तेव्हा जादाचा एक खिशात असू द्या. क्लिक करताना दम्याच्या खोकल्यासारखा किंवा दाराच्या बिजागरीसारखा आवाज आला तर आरशाच्या यंत्रणेतलं वंगण सुकलंय असं समजा. दुरुस्त होतं, पण भावात ते पैसे कापून घ्या. मिनोल्टा एक्स-७०० उत्तम कॅमेरा, पण त्याचे कपॅसिटर जाऊन तो मध्येच गप्प होतो. ऑलिंपस ओएम-१ छोटा आणि मोहक. त्याचा मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर चालायचा, तो सेल आता बनत नाही. कानाच्या मशिनचा ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल, भोवती छोटं कडं घालून, तिथे बऱ्यापैकी चालतो. औषधाच्या दुकानात मिळतो.

या सगळ्या देखण्या मंडळींपेक्षा स्वस्त, आणि म्हणूनच कुणी विचारत नाही असा एक गट आहे: नव्वदच्या दशकातले आणि त्यानंतरचे ऑटोफोकस प्लॅस्टिक कॅमेरे. कॅनन ईओएस ५००एन, ईओएस ३००, निकॉन एफ७५, एफ८०. तुमच्या मामेभावाकडे लग्नाच्या कामासाठी कॅनन डीएसएलआर असेल तर त्याची ईएफ ५० मिमी एफ १.८ लेन्स या ईओएसवर तशीच चढते. ईएफ-एस लेन्स चढत नाही, ते पाहून घ्या. निकॉनच्या 'जी' लेन्साही एफ७५, एफ८० वर चालतात. सेल सीआर२ किंवा सीआर१२३ए, जरा महाग. एफ८० च्या पाठीचं रबरी आवरण चिकट होतं, ते पुसता येतं. काही जुन्या ईओएस बॉड्यांत आतला फोम वितळून शटरच्या पात्यांवर काळा चिकटा उतरतो. तसले डाग दिसले की कॅमेरा खाली ठेवा. शान नाही, पण चेहऱ्यावर फोकस पटकन बसतो आणि मीटर बरोबर असतो. पहिल्या वर्षाला हा मार्ग मला खरं तर सगळ्यांत शहाणपणाचा वाटतो. मी स्वतः तो घेतला नाही, कारण मला सुई हलताना बघायची होती.

शोधायचं कुठं

ऑनलाइन बाजार आहेच, पण आपल्या भागात खरा साठा जुन्या फोटो स्टुडिओंच्या लोखंडी कपाटांत आहे. बेळगाव, निपाणी, संकेश्वर, चिकोडी, खानापूर, कुठल्याही गावात वीस-तीस वर्षं जुना स्टुडिओ गाठा. आता ते पासपोर्ट फोटो आणि झेरॉक्सवर चालतात, पण मालकानं आपला पहिला कॅमेरा सहसा विकलेला नसतो.

माझा आताचा कॅमेरा शहापुरातल्या अशाच एका काकांकडून आला.

"काका, रोलचा जुना कॅमेरा असंल काय तुमच्याकडं?"

"हाय की. पण आता कोण रोल मारतंय रे? कशाला करायलाईस ते?"

"रस्त्यावरचे फोटो काढायचेत."

काका हसले. "रस्त्यावरचे! मी ह्यावर किती लग्नं काढलीत ठाऊक हाय काय तुला?"

मग अर्धा तास लग्नांच्या गोष्टी झाल्या, दोन चहा झाले, आणि तेव्हा कुठे कपाटाची किल्ली निघाली. या अर्ध्या तासाला कंटाळू नका. कॅमेरा कुठे वापरला, कुणी दुरुस्त केला, कधीपासून पडून आहे, हे सगळं त्या गप्पांत कळतं. गोकाक, बैलहोंगलकडे गेलात तर "क्यामेरा ऐतेन्री?" एवढं कानडी पुरतं, पुढचं हातवाऱ्यांवर निभावतं.

कॅमेरा कुठल्या बाजूचा आहे हेही विचारा. आपला जिल्हा विचित्र आहे. पश्चिमेला खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे पाऊस कोसळतो, पूर्वेला अथणीकडे पावसाची वाट बघतात. पश्चिमेच्या कपाटातल्या लेन्समध्ये बुरशी आधी शोधा. पूर्वेच्या कॅमेऱ्यात धूळ, आणि उन्हाळ्यानं वितळून अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर पसरलेलं तेल. मी एकदा अथणीकडून आलेली लेन्स पाहिली, काच आरशासारखी स्वच्छ, पण पाती गुळाच्या पाकात बुडवल्यासारखी.

ऑनलाइनच घ्यायचा असेल तर 'अनटेस्टेड' या शब्दाचा अर्थ 'तपासला, चालत नाही, पण तसं लिहायचं नाही' असा धरून भाव करा. परदेशातून मागवताना किमतीवर कस्टम ड्युटी बसते, ती आधी धरा. विकणाऱ्याकडून मागचं दार उघडं ठेवून शटर मारतानाचा व्हिडिओ मागा. टाळाटाळ झाली तर तेच उत्तर.

तपासणी, हातात घेऊन

जाताना खिशात दोन नवे एलआर४४ सेल, एक नाणं, बारीक टॉर्च, काही टूथपिक, आणि वाया गेलेला एक रोल न्या. सेलचं झाकण नाण्यानं उघडा. आत हिरवट-पांढरा थर असेल तर जुना सेल फुटलाय. थोडा असेल तर व्हिनेगारात बुडवलेल्या कापसानं निघतो. वायरपर्यंत पोचला असेल तर मीटर गेला असं धरूनच बोलणी करा.

मग लेन्स काढा, मागचं दार उघडा, आणि शटरकडे या. इथे घाई नको. सगळ्यांत हळू वेगापासून सुरुवात: १ सेकंदावर ठेवून मारलं की आतल्या गिअरची 'झ्रूंऽऽ' अशी सलग गुणगुण ऐकू यायला हवी. मध्ये अडखळली, किंवा पडदा अर्ध्यात थांबला, तर वंगण सुकलंय. वर्षानुवर्षं न वापरलेल्या कॅमेऱ्यात हे नेहमीचं. वीस-पंचवीस वेळा मारून पाहिल्यावर पुष्कळदा सुटतं. एकेक वेग वाढवत जा, आवाजात फरक कळायला हवा. १/३० आणि १/१२५ सारखेच वाटले तर गडबड आहे. मोबाइलच्या स्लो मोशनवर १/३० पर्यंतचे वेग फ्रेम मोजून पडताळता येतात.

शेवटी मला तीस फ्रेमांची किंमत देऊन कळलेली चाचणी. शटर १/१००० वर ठेवा, कॅमेऱ्याचं तोंड उजळ आभाळाकडे किंवा उन्हातल्या पांढऱ्या भिंतीकडे करा (सूर्याकडे नाही), मागच्या उघड्या दारातून फिल्मच्या खिडकीत बघत शटर मारा. क्षणभर उजेडाचा पूर्ण आयत चमकायला हवा. एक कड काळी राहिली तर शटर 'कॅपिंग' करतंय. पाच-सहा वेळा करा, एखाद्याच वेळेला चुकत असेल तर तेही कळतं. कापडी आडव्या पडद्याच्या कॅमेऱ्यात, के१००० सारख्यात, ही तक्रार जास्त. कापडी पडदा असेल तर अंधाऱ्या खोलीत पुढून टॉर्च मारून मागून बघा. चांदण्यांसारखे ठिपके दिसले तर पडद्याला भोकं पडली आहेत.

आता वाया गेलेला रोल भरा, पण दार उघडंच ठेवा. खिडकीच्या कडेनं फिल्मवर बॉलपेननं चौकट आखा, शटर मारा, लिव्हर ओढा, पुन्हा आखा. चार-पाच चौकटींत सारखं अंतर राहिलं पाहिजे. एकमेकींवर चढत असतील तर रोल ओढणारी यंत्रणा झिजली आहे. सर्व्हिसिंगवाला 'बघू' म्हणेल, पण मी अशा कॅमेऱ्याला नमस्कार करून निघतो.

मीटरसाठी एकसारख्या उजेडातली भिंत निवडा. मोबाइलवर लाइट मीटरचं कुठलंही फुकट अ‍ॅप घ्या, दोन्हीकडे आयएसओ सारखा ठेवा. एका स्टॉपपर्यंतचा (म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा, एवढा) फरक चालेल. उन्हात आणि खोलीत दोन्हीकडे बघा, कारण काही मीटर उन्हात बरोबर आणि अंधारात थापाडे असतात. मीटर पूर्ण मेला असेल तरी मेकॅनिकल कॅमेरा निकामी होत नाही. चारशेचा रोल, कडक ऊन, अ‍ॅपर्चर एफ १६, शटर १/५००. ढगाळ असेल तर एफ ८. गल्लीतल्या मोकळ्या सावलीत एफ ५.६. हे तीन आकडे पाठ झाले की दिवसभर निभावतं. उलट मेलेल्या मीटरमुळे भाव चांगला उतरतो.

मागच्या दाराच्या खाचांत आणि आरशाच्या वरच्या कडेला काळा फोम असतो. टूथपिकनं टोचून बघा. टूथपिकला डांबर लागलं तर फोम गेलाय. चाळीस वर्षांच्या कॅमेऱ्यात तो जायचाच, त्यामुळे घाबरू नका. घरी इअरबडला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून खाचा स्वच्छ करा आणि दोन मिलिमीटरचा फोम किंवा सरळ काळी लोकर घाला. एका दुपारचं काम. आरशावरचा फोम काढताना मात्र खाली पडणारे कण फोकसिंग स्क्रीनवर जाऊ देऊ नका, आणि आरसा किंवा स्क्रीन कापडानं पुसूच नका. व्ह्यूफाइंडरात दिसणारे धुळीचे कण फोटोत येत नाहीत, त्यांची चिंता सोडा.

फोकस बघायला गच्चीवर जा. लेन्स अनंताच्या खुणेवर टेकवा आणि लांबचा मोबाइल टॉवर व्ह्यूफाइंडराच्या मधल्या दुभंगलेल्या वर्तुळात (ते असेल तर) धरा. टॉवर सरळ एकसंध दिसला पाहिजे.

लेन्स आणि बुरशी

लेन्स काढून उघड्या अ‍ॅपर्चरला टॉर्च तिरका धरून आरपार बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी. दुधाळ पडदा म्हणजे धूसर झालेली काच. मोतीबिंदूच म्हणा. दोन-चार धूलिकणांचा फोटोवर काही परिणाम होत नाही. कडेला इवलीशी बुरशी असेल तर भाव पाडून घ्यायला हरकत नाही. मध्यभागी पसरली असेल, तर साफ केल्यावरही कोटिंग खाल्लेलं राहतं आणि उजेडासमोर फोटो धुरकट येतो. एका लेन्सची बुरशी दुसरीला लागते अशी भीती घालतात. ती जरा जास्तच आहे. बीजाणू हवेत सगळीकडे असतात, त्यांना उगवायला ओलावा लागतो.

अ‍ॅपर्चरची पाती कोरडी आणि चपळ हवीत. फोकस रिंग जड असेल तर चालते, ढिली आणि खुळखुळणारी नको.

आता किती मिमीची? बहुतेक कॅमेऱ्यांबरोबर ५० मिमी येते, तीच ठेवून सुरुवात करा. पण रस्त्यासाठी पुढे एखादी ३५ किंवा २८ घ्याच, आणि त्यामागे साधं गणित आहे. एफ ८ वर ३ मीटरला फोकस बांधून ठेवला, तर ५० मिमीत साधारण २.३ ते ४.२ मीटरमधलं स्पष्ट येतं. ३५ मिमीत तेच १.९ ते ७ मीटरच्या पुढे जातं. २८ मिमीत दीड मीटरच्या थोडं पुढून थेट तीस मीटरपर्यंत. मंडईत भाजीवाली मावशी कोथिंबिरीची जुडी झटकते तो क्षण फोकस रिंग फिरवेपर्यंत थांबत नाही. फोकस आधीच बांधलेला असेल तर कॅमेरा नुसता डोळ्याला लावायचा. म्हणून लेन्सवर अंतराचे आकडे आणि खुणांच्या रेघा छापलेल्या आहेत ना, तेही घेताना बघा.

भाव ठरवताना

सापडलेला प्रत्येक दोष मोठ्यानं सांगू नका. माणसाचा कॅमेरा म्हणजे त्याची जवानी असते. मी काकांना एवढंच म्हणालो, "फोम बदलावा लागंल, आणि एकदा सर्व्हिसिंग." त्यांनी स्वतःच पैसे कमी केले आणि वर जुनी चामड्याची केस दिली. फोम, कातडं, मेलेला मीटर, साधी धूळ या गोष्टींवर भाव उतरवा आणि घ्या. कॅपिंग करणारं शटर, चढणाऱ्या फ्रेम, मधोमध बुरशी, पडून वाकलेला माउंट असेल तर कितीही स्वस्त असो, सोडा.

पहिला रोल

पहिला रोल लग्नाला, यात्रेला, शिवजयंतीच्या चित्ररथांना नेऊ नका. तो तपासणीचा आहे. वहीत प्रत्येक फ्रेमचा नंबर, शटर आणि अ‍ॅपर्चर लिहा. वेग १ सेकंदापासून १/१००० पर्यंत सगळे वापरा, अ‍ॅपर्चर बदलून एक्स्पोजर तेवढंच ठेवा. तीन-चार फ्रेम सूर्याकडे जवळजवळ तोंड करून, म्हणजे धुरकटपणा कळेल. दोन फ्रेमांच्या मध्ये कॅमेरा पाच मिनिटं उन्हात ठेवा, दारातून उजेड गळत असेल तर तिथे डाग येईल. रोल भरल्यावर लिव्हर ओढताना डावीकडची रिवाइंडची मूठ फिरते का बघा. ती फिरत नसेल तर रोल अडकलेलाच नाही आणि तुम्ही हवेत छत्तीस फोटो काढाल. माझे एकदा काढून झालेत.

कॅन्टोन्मेंटच्या बाजूला हिंडताना भान ठेवा. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र तिथे आहे, लष्करी भागाकडे कॅमेरा रोखू नका. बाकी गल्लीत कुणी "फोटो कशाला?" विचारलं तर कॅमेरा खाली घेऊन दोन शब्द बोला. रोलचा कॅमेरा म्हटलं की निम्मी माणसं स्वतःच उभी राहतात, मग त्यांना 'पोज देऊ नका' म्हणणं हे वेगळंच काम.

रंगीत रोलच्या केमिकलला ३८ अंशांच्या आसपास तापमान काटेकोर धरावं लागतं, म्हणून तो मोठ्या शहरातल्या लॅबला कुरिअर करा. ब्लॅक अँड व्हाइट घरी जमतं. डी-७६ या डेव्हलपरसाठी पाणी २० अंश लागतं, एप्रिलमध्ये माठातलं पाणी आणि थोडा बर्फ मिसळून ते साधतं. रोल वाळला की खिडकीला धरा आणि वही शेजारी ठेवा. उन्हातल्या फ्रेमांची एक कड कोरी असेल तर काय ते तुम्हाला आता ठाऊक आहे. कडेपासून आत पसरलेले काळे डाग दाराचा फोम सांगतात. हळू वेगाच्या तेवढ्याच फ्रेम गडद असतील तर शटर सुस्त आहे. वही सर्व्हिसिंगवाल्यापुढे ठेवली की त्याचा वेळ आणि तुमचे पैसे वाचतात.

आणि जूनच्या आधी एक मोठा हवाबंद डबा आणा. चामड्याची केस ओल धरते, तिच्यात कॅमेरा ठेवायचा नाही. डब्यात तळाला सिलिका जेलची पुडी, वर कॅमेरा, सेल काढून. निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर परतून पुन्हा निळे करायचे. तवा वेगळा ठेवा, पोळ्यांचा नको. पंधरवड्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून सगळे वेग एकदा मारा, उघडीप असेल तर लेन्स तासभर उजेडात ठेवा. आमच्याकडे डाळीसाठी आणलेला डबा गेली तीन वर्षं या कामात अडकलाय, आणि आई दर पावसाळ्यात तो परत मागते.